गारठा खालून येतो का?

डिसेंबर महिन्यातली गोष्ट. सातवी-आठवीची अडतीस मुले घेऊन आम्ही तिघे शिक्षक कळसूबाईला निघालो होतो. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. पहाटे चढायला सुरुवात करायची, म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम पायथ्याच्या बारी गावात केला. खोली मोठी होती. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. प्रत्येकाने एक सतरंजी आणि दोन ब्लँकेटे आणायची, असे मुलांना सांगितले होते. ‘दोन’ हा आकडा आम्ही बराच विचार करून ठरवला होता.

रात्री एकच्या सुमारास जाग आली ती कुजबुजीने. निम्मी मुले जागीच होती. सातवीतल्या एका मुलीचे दात वाजत होते. दोन्ही ब्लँकेटे तिच्या अंगावर होती. मी वर माझी शाल घातली, सहकारी बाईंनी आपले ब्लँकेट घातले. पंधरा मिनिटे झाली, तरी तिचे कुडकुडणे थांबेना. आता मात्र आम्ही घाबरलो. शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली जाणे धोक्याचे असते, हे पुस्तकात वाचलेले होते. पण जवळ पांघरुणाशिवाय दुसरा उपाय नव्हता.

आमची धावपळ ऐकून शेजारचे एक आजोबा कंदील घेऊन आले. खोलीत एक नजर टाकून म्हणाले, “गुर्जी, वरून किती बी घाला, गारठा खालून येतोय.” दोन मुलांना हाताशी घेऊन त्यांनी आपल्या पडवीतले भाताच्या पेंढ्याचे भारे आणले. खोलीभर वीतभर जाडीचा थर पसरला, त्यावर सतरंज्या घातल्या. अर्ध्या तासात खोली शांत झाली. ती मुलगीही झोपली.

सकाळी तिला आणि आणखी एका मुलाला आम्ही वर नेले नाही. रात्रभर न झोपलेल्या मुलांना शिड्या चढायला लावणे आम्हाला बरोबर वाटले नाही. दोघे हिरमुसून खालीच थांबले. परतीच्या वाटेवर बसमध्ये तिने मला विचारले, “सर, पेंढा मी हातात घेऊन बघितला होता. तो गारच होता. मग ऊब कुठून आली?”

त्याच वर्षी शाळेने सहलींसाठी अंथरुणे विकत घ्यायचे ठरवले आणि निवड माझ्याकडे आली. दुकानात गेलो तर शेदोनशे रुपयांच्या चटईपासून काही हजारांच्या फुगवायच्या गादीपर्यंत सगळे मांडलेले. निवडायचे कसे? हळूहळू लक्षात आले, की त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर सापडले, तर माझ्याही प्रश्नाचे सापडते.

ऊब येते कुठून?

पेंढा उष्णता देत नाही. ब्लँकेटही देत नाही. अंथरुणात उष्णतेचा उगम एकच, तो म्हणजे झोपलेला माणूस. झोपेत प्रौढ माणसाचे शरीर साधारण ७५ वॅट उष्णता सतत तयार करते, म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याइतकी. ती बाहेर जातच असते आणि जायलाही हवी. प्रश्न फक्त वेगाचा आहे. तयार होण्याच्या वेगापेक्षा जाण्याचा वेग वाढला, की शरीर थंड होऊ लागते आणि स्नायू कुडकुडून जास्तीची उष्णता निर्माण करू पाहतात.

म्हणून आजोबांचे वाक्य शास्त्राच्या भाषेत जरा उलटे करून घ्यावे लागेल. गारठा नावाची वस्तू जमिनीतून वर येत नाही. शरीराची उष्णता खाली जाते. पण त्यांचे निरीक्षण पक्के होते आणि आमच्या ‘दोन ब्लँकेटां’पेक्षा निश्चितच शास्त्रीय होते. घागरीच्या बुडाला भोक असताना आम्ही वरून झाकणावर झाकणे ठेवत होतो.

उष्णता जाण्याचे तीन मार्ग आपण वर्गात शिकवतो : वहन, अभिसरण आणि प्रारण. पांघरुणाच्या बाजूला हवा असते, त्यामुळे तिथे तिन्ही मार्ग चालू असतात. पाठीच्या बाजूला मात्र शरीर जमिनीला टेकलेले असते. तिथे मुख्य मार्ग वहनाचा, आणि दगड वहनात पटाईत. पुढे दिलेले आकडे वाहकतेचे आहेत. एक मीटर जाडीच्या आणि एक चौरस मीटर क्षेत्रफळाच्या थराच्या दोन बाजूंत एक अंशाचा फरक असेल, तर त्यातून किती वॅट उष्णता जाते, ते हा आकडा सांगतो.

स्थिर हवा : ०.०२५
पिंजलेला कापूस, लोकर, फोम : सुमारे ०.०४
लाकूड : सुमारे ०.१५
पाणी : ०.६
शहाबादी फरशी, काळा पाषाण : साधारण १.५ ते २.५
अॅल्युमिनियम : २०० च्या वर

या यादीत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. दगडातून उष्णता स्थिर हवेच्या साठ ते शंभर पट सहज जाते. आणि कापूस, लोकर, फोम हे पदार्थ एकमेकांहून इतके वेगळे, तरी त्यांचे आकडे जवळजवळ सारखे आणि हवेच्या जवळचे. असे का? कारण या तिन्हींत बहुतेक जागा हवेचीच असते. धागे किंवा फोमच्या भिंती एवढेच काम करतात, की त्या हवेला हलू देत नाहीत. पेंढ्याचेही तेच. काड्याकाड्यांच्या मधे हवा, आणि पोकळ काडीच्या आतही हवा.

वर्गात एक सोपी गोष्ट करून दाखवता येईल. सकाळी शाळा उघडल्यावर फरशीला आणि शेजारच्या लाकडी बाकाला मुलांना हात लावू द्या. फरशी गार लागते, बाक तितका गार लागत नाही. मग दोन्हींवर दहा-दहा मिनिटे तापमापी टेकवून ठेवा. पारा जवळपास त्याच आकड्यावर थांबतो. हाताला तापमान कळत नाही, हातातून उष्णता किती वेगाने जाते ते कळते. मुले या ठिकाणी बराच वाद घालतात. घालू द्यावा.

थोडे गणित

एखाद्या थराची जाडी भागिले त्याची वाहकता म्हणजे त्या थराचा उष्णतारोध. त्या रात्रीचा हिशेब करून पाहू. पाठीशी कपड्याचे तापमान ३३ अंश आणि फरशीचे १३ अंश धरू, म्हणजे फरक २० अंशांचा. पाठीवर झोपलेल्या प्रौढ माणसाचे जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ अंदाजे ०.४५ चौरस मीटर धरू.

अंगाखाली दबलेली सतरंजी २ मिलिमीटरची, वाहकता ०.०५. रोध झाला ०.००२ भागिले ०.०५, म्हणजे ०.०४. उष्णता जाण्याचा वेग : २० गुणिले ०.४५ भागिले ०.०४, म्हणजे २२५ वॅट. शरीर तयार करते ७५ वॅट, आणि एकट्या पाठीतून जातात त्याच्या तिप्पट! हा वेग कायम राहत नाही. पाठीची त्वचा गार पडते आणि खालचा दगड थोडा थोडा तापतो, त्यामुळे तो उतरत जातो. पण जाड दगड इतक्या सावकाश तापतो, की दोन तासांनंतरही शरीर जेवढी उष्णता तयार करते जवळजवळ तेवढी केवळ खालच्या बाजूने जात असते. वरच्या बाजूने जाणारी वेगळीच.

आता त्याच सतरंजीखाली पेंढा घालू. वीतभर थर अंगाच्या भाराने दबून ४ सेंटिमीटर उरला आणि त्याची वाहकता ०.०६ असली, तर त्याचा रोध ०.६७. सतरंजीचा ०.०४ मिळवून ०.७१. वेग उरतो १३ वॅटच्या आसपास. मुलगी का झोपली, ते इथे दिसते. पेंढ्याने तिला काहीही दिले नाही. तिचे तिच्याजवळ राहू दिले.

हा हिशेब मांडल्यावर मला आमची चूकही दिसली आणि ती जरा बोचली. एका ब्लँकेटची चौघडी केली, तर दबूनही ती साधारण १२ मिलिमीटरची होते. तिचा रोध ०.२४ आणि सतरंजी धरून ०.२८. वेग २२५ वरून ३२ वॅटवर येतो. म्हणजे पांघरुणे मुलांजवळ पुरेशी होती. दुसरे ब्लँकेट अंगाखाली घ्यायचे, एवढेच आम्हाला सुचले नाही.

मग चांगली गादी अंगाखाली का टिकत नाही?

चौघडी केली तरी ब्लँकेट दबतेच. घरची कापसाची गादी नवी असताना ऊबदार असते, वर्षभराने तिचा पाट होतो आणि ती पिंजून घ्यावी लागते. पिंजारी त्यात नवा कापूस घालतोच असे नाही. तो हवा परत घालतो, असे म्हणायला हरकत नाही.

अंगाखालच्या थरापुढे हीच खरी अडचण आहे. पांघरुणाला फक्त स्वतःचे वजन पेलायचे असते. अंथरुणाला माणसाचे वजन पेलून आतली हवा राखायची असते. झोपायच्या पिशवीचा, म्हणजे स्लीपिंग बॅगचा, वरचा भाग फुगलेला राहतो, पण खालचा भाग आपल्या वजनाने चपटा होतो आणि जवळजवळ निकामी ठरतो. म्हणून कितीही भारी पिशवी घेतली, तरी खाली वेगळे अंथरूण लागते.

आपल्याकडच्या जुन्या वस्तू या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. गोधडी जुन्या साड्यांचे थर एकमेकांवर शिवून होते. प्रत्येक थर पातळ, पण थरांच्या मधली हवा टाक्यांनी धरून ठेवलेली. घोंगडी लोकरीची. लोकरीचा तंतू नागमोडी असतो, दाबला तरी वर उसळतो, म्हणून दुमडलेली घोंगडी दुमडलेल्या चादरीपेक्षा कमी दबते. खाटेचे उलटे आहे. उन्हाळ्यात खाटेखालून वारा खेळतो म्हणून ती सुखाची, आणि त्याच कारणाने थंडीत खाटेवर खाली जाड गोधडी घातल्याशिवाय पाठ गारठते.

वर्गात करून पाहण्याचा प्रयोग

साहित्य : सपाट बुडाचे सारखे स्टीलचे डबे (चार-पाच), तापमापी, गरम पाणी, एक जुनी सतरंजी, वर्तमानपत्रे, लोकरीची शाल, भांडी घासायचा किंवा गादीतला स्पंज, नव्या टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो पांढरा लवचीक फोम, आणि दोन विटा.

फरशीवर एकेक थर पसरा. एक जागा उघडीच ठेवा. प्रत्येक डब्यात अर्धा लिटर पाणी साधारण ६० अंशांचे घ्या. पाणी शिक्षकांनीच ओतावे. डब्यांना वरून आणि बाजूने सारख्याच जाडीचे टॉवेल गुंडाळा, म्हणजे फरक पडेल तो फक्त बुडाचा. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा आणि अर्ध्या तासाने आलेख काढा.

दुसऱ्या फेरीत स्पंजाचे दोन तुकडे घ्या, एक कोरडा आणि एक पाण्यात बुडवून हलका पिळलेला. तिसऱ्या फेरीत शाल आणि पांढरा फोम यांवरच्या डब्यांच्या डोक्यावर एकेक वीट ठेवा.

उघड्या फरशीवरचा डबा सर्वांत आधी निवतो, हे मुले आधीच सांगतात. ओल्या स्पंजावरचा डबा मात्र त्यांना चकित करतो. पाण्याची वाहकता हवेच्या चोवीस पट असते. हवेच्या जागी पाणी शिरले, की जाडी तेवढीच राहूनही रोध संपतो. विटेच्या फेरीत शालीचा आलेख घसरतो आणि पांढऱ्या फोमचा फारसा हलत नाही. असे का, हे मुलांना भिंगातून दोन्ही पदार्थ पाहून ठरवू द्या.

उघडे कप्पे, बंद कप्पे

स्पंजाला तोंड लावून फुंकर मारली, तर ती पलीकडे जाते. त्याचे कप्पे एकमेकांत उघडतात. दाबला की हवा निघून जाते आणि सोडला की पुन्हा आत येते. पाणीही तसेच आत येते. पांढऱ्या फोममधून फुंकर जात नाही. त्याचा प्रत्येक कप्पा चहूबाजूंनी बंद बुडबुडा आहे. हवा बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून तो कमी दबतो. पाणीही शिरत नाही, म्हणून तो पाण्यावर तरंगतो.

गिरिभ्रमण करणारी मंडळी पाठपिशवीला बांधतात ती गुंडाळी या बंद कप्प्यांच्या फोमची असते. आपल्याकडे तिला सरसकट ‘कॅरीमॅट’ म्हणतात. हे मुळात ब्रिटनमधल्या कॅरीमोर कंपनीच्या मालाचे नाव. १० मिलिमीटर जाडीच्या, पुरुषभर लांबीच्या अशा चटईचे वजन ३०० ग्रॅमच्या आसपास भरते. रोध ०.२५. काटा टोचला तरी काही बिघडत नाही, भिजली तर झटकून वापरता येते, आणि बसायला, जखमी मुलाच्या पायाला आधार द्यायला, चुलीला वारा घालायलाही चालते. दोष दोन : गुंडाळी मोठी होते, आणि ती कडक असते.

उघड्या कप्प्यांच्या फोमचा उपयोग करून घेण्याची युक्ती अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात निघाली. जिम ली आणि नील अँडरसन हे बोइंग विमान कंपनीत काम केलेले अभियंते. त्यांनी जॉन बरोज या गिर्यारोहक मित्राबरोबर १९७२ साली कॅस्केड डिझाइन्स ही कंपनी काढली. त्यांच्या ‘थर्म-अ-रेस्ट’ गादीत स्पंज हवाबंद कापडात चिकटवून भरलेला होता आणि कोपऱ्यात एक झडप होती. झडप उघडली की स्पंज फुलतो आणि हवा आपोआप आत ओढली जाते. झडप बंद केली की हवा आत अडकते. मग अंगाचे वजन स्पंज एकटा पेलत नाही, अडकलेली हवा पेलते, आणि स्पंज त्या हवेला हलू देत नाही. उघडे कप्पे बाहेरून बंद करून टाकण्याची ही कल्पना होती. गादी मऊ, ऊबदार आणि लहान गुंडाळीची. पण भोक पडले की संपले.

हवेची गादी : जाड, तरी गार

मग नुसती हवाच का भरू नये? सात-आठ सेंटिमीटर जाडीची फुगवायची गादी घेतली आणि स्थिर हवेची वाहकता ०.०२५ धरली, तर रोध ३ येतो. फोमच्या चटईच्या बारा पट! पण अशा साध्या गादीवर थंडीत झोपलेला माणूस याची साक्ष देणार नाही. हिशेबात काय चुकले?

“आतली हवा फिरते, अभिसरण होते” असे उत्तर चटकन सुचते. पण जरा थांबू. अभिसरणाला खालून तापवावे लागते. इथे गरम बाजू वर आहे आणि गार बाजू खाली. गरम, हलकी हवा आधीच वर आहे, ती खाली कशाला येईल? कूस बदलताना हवा ढवळली जाते हे खरे, आणि अंगाबाहेरच्या कडांशीही थोडी देवघेव होते. पण मोठी गळती तिसऱ्या मार्गाने असते, ती म्हणजे प्रारण. गादीचा वरचा गरम पडदा खालच्या गार पडद्याकडे अवरक्त किरणांनी उष्णता टाकत राहतो, आणि मधली हवा त्यांना अडवत नाही. जाडी दुप्पट केली तरी हे किरण कमी होत नाहीत. नेहमीच्या तापमानाला या एकाच वाटेने दर चौरस मीटरला, दर अंशाला साधारण ५ वॅट उष्णता जाते. म्हणजे रोध जेमतेम ०.२, एक सेंटिमीटर फोमच्या चटईपेक्षाही थोडा कमीच.

फोममध्ये आणि पेंढ्यात हे किरण दर मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर एखाद्या भिंतीला किंवा काडीला अडतात. तेव्हा मघाचे विधान पुरे करून घेऊ : नुसती स्थिर हवा पुरत नाही, ती लहान लहान खोल्यांत विभागलेली हवी. अलीकडच्या हलक्या, महाग हवेच्या गाद्यांत आत चंदेरी पातळ पडद्यांचे थर असतात, ते याचसाठी. हे पडदे किरण परतवतात.

इथे एका गैरसमजाचाही निकाल लागतो. बाजारात एका बाजूला चंदेरी थर असलेल्या फोमच्या चटया मिळतात. ती बाजू वर ठेवायची की खाली, यावर सहलीत वाद होतात. चंदेरी पृष्ठभाग किरण परतवतो, पण त्यासाठी त्याच्यासमोर हवेची फट लागते. चादर किंवा अंग थेट टेकले, की तिथे वहन सुरू होते आणि चकाकीचा उपयोग उरत नाही. तेव्हा कोणतीही बाजू वर ठेवा, फरक नगण्य. केवळ चंदेरी दिसते म्हणून जास्त पैसे मोजू नयेत.

पाकिटावरचा आकडा

परदेशी किंवा चांगल्या देशी गादीवर आता ‘आर-मूल्य’ छापलेले असते. आर-मूल्य म्हणजे आपण वर काढला तो उष्णतारोधच, फक्त अमेरिकी एककांत. आपल्या आकड्याला साधारण ५.७ ने गुणले, की आर-मूल्य मिळते. १० मिलिमीटर फोमच्या ०.२५ चे आर-मूल्य १.४ होते. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने हे मोजत असे, त्यामुळे तुलना करता येत नसे. २०१८ साली अमेरिकेच्या एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेने एकच पद्धत घालून दिली. गादी दोन पाट्यांमध्ये ठेवायची, वरची पाटी ३५ अंशांवर आणि खालची ५ अंशांवर. वरची पाटी ३५ वर टिकवायला किती वीज लागते, त्यावरून रोध काढायचा. आपल्या डब्यांच्या प्रयोगाचाच हा नीटनेटका भाऊ.

ढोबळमानाने, उन्हाळी रात्रींना २ पर्यंतचे आर-मूल्य चालते, थंडीच्या रात्रींना २ ते ४ लागते, आणि हिमालयात बर्फावर झोपायचे तर ५ किंवा अधिक. या आकड्यांचा एक मोठा गुण म्हणजे ते मिळवता येतात. दीडची चटई आणि तीनची गादी एकावर एक घातली, की साडेचार. त्यामुळे एक महाग गादी घेण्याऐवजी दोन स्वस्त थर घेता येतात.

उबेखेरीज मऊपणाचाही विचार हवा. कुशीवर झोपले, की सगळा भार खांदा आणि कंबरेच्या हाडावर, म्हणजे अगदी लहान क्षेत्रफळावर येतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. फुगवायची गादी अंगाच्या आकाराप्रमाणे वाकते, टेकणारे क्षेत्रफळ वाढवते, म्हणून ती सुखाची वाटते. प्रौढांना, विशेषतः पाठदुखी असलेल्यांना, या सुखाचे मोल आहे. मुलांचे वजन कमी असते, त्यांना फोमची चटई पुरते. उबेच्या बाबतीत मात्र मुलांना सूट नाही. लहान शरीराचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने मोठे असते, त्यामुळे ती लवकर गारठतात.

आम्ही काय घेतले

करवंदीच्या जाळ्या आणि बाभळीचे काटे पाहता फुगवायच्या गाद्या आम्ही बाद केल्या. तयार कॅरीमॅट अडतीस घेणे परवडत नव्हते. मग पॅकिंगचे सामान विकणाऱ्या दुकानातून बंद कप्प्यांच्या फोमचा १० मिलिमीटर जाडीचा गुंडाळा आणला आणि मुलांनीच मापे घेऊन कापला. लांबी ठरवताना आठवीतल्या एका मुलाने सुचवले, की खांद्यापासून मांडीपर्यंतच फोम ठेवावा आणि पायांखाली रिकामी पाठपिशवी घ्यावी. भार बहुतेक धडाचाच असतो. या सूचनेने एकाच गुंडाळ्यात सगळ्यांचे भागले. सूचनापत्रकातला ‘दोन ब्लँकेटे’ हा मजकूर बदलून ‘दोन ब्लँकेटे, त्यांतले एक अंगाखाली चौघडी करून’ असा केला.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा बारीला गेलो, त्याच खोलीत. आदल्या वर्षी खाली राहिलेली ती मुलगी आता आठवीत होती. झोपण्यापूर्वी तिने आपल्या फोमखाली फरशीवर एक तापमापी ठेवली आणि दुसरी फोमच्या वर, ब्लँकेटाखाली ठेवली. रात्री दोनदा उठून तिने आकडे लिहिले. सकाळी शिखरावर, मंदिराजवळ बसून तिने मला वही दाखवली. फोमखालचा पारा रात्रभरात थोडासा चढला होता. “सर, म्हणजे थोडी उष्णता तरीही खाली गेलीच ना?”

गेलीच. आपला हिशेबही तेच सांगतो. फोम, चौघडी केलेले ब्लँकेट आणि सतरंजी मिळून रोध ०.५३ होतो. तिच्या दोन आकड्यांतला फरक आणि हा रोध घेऊन, रात्रीच्या आठ तासांत किती उष्णता फरशीत गेली ते काढता येईल. पण तिची वरची तापमापी ब्लँकेटाखाली होती, सतरंजीवर नव्हती. मग तिचे आकडे वापरताना ०.५३ घ्यावा, की नुसता फोमचा ०.२५? तुमच्या वर्गातल्या मुलांना विचारून पाहा.